पब्लिक अफेअर्समध्ये पीएच.डी. करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

१९६६ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरासाठी दोन कोटी तीस लाख डॉलर मंजूर केले. बंदरावर माल उतरवायचं टर्मिनल, विमानांसाठी हँगर आणि त्यातून सुमारे ३,००० नोकऱ्या, त्याही मुख्यतः शहरातल्या बेरोजगार अल्पसंख्याकांसाठी. पैसा होता, शहराची तयारी होती, योजनेला उघड विरोध करणारं कोणी नव्हतं. तीन वर्षांनी हिशेब पाहिला तर जेमतेम तीस लाख खर्च झाले होते, आणि तेही बरेचसे एका उड्डाणपुलावर आणि वास्तुविशारदांच्या फीवर.

कोणाचा कट नव्हता की कोणी पैसे खाल्ले नव्हते. मग घोडं कुठे पेंड खात होतं? जेफ्री प्रेसमन आणि आरन विल्डाव्स्की या दोघांनी कागदपत्रं उपसून, माणसांना भेटून १९७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. प्रकल्प पुढे सरकायला वेगवेगळ्या टप्प्यांवर कोणाकोणाचा होकार लागत होता, ते त्यांनी एकेक करून मोजलं. आकडा निघाला ७०. आता प्रत्येक होकार मिळण्याची शक्यता ९९ टक्के धरा, म्हणजे जवळजवळ खात्रीच. तरीही ७० च्या ७० मिळण्याची शक्यता उरते ५० टक्क्यांच्या किंचित खाली. ९५ टक्के धरली तर ३ टक्केसुद्धा उरत नाही. कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चुकलंय म्हणून परत केलं होतं.

पब्लिक अफेअर्समधली पीएच.डी. म्हणजे साधारण हे काम. सरकार, नगरपालिका किंवा एखादी स्वयंसेवी संस्था जे करायला निघते आणि शेवटी लोकांच्या हातात जे पडतं, त्या दोहोंच्या मधल्या अंतरातला एक छोटा तुकडा निवडायचा आणि काही वर्षं त्याच्या मागे लागायचं.

नाव फसवं आहे, हे आधी सांगून टाकतो. कंपन्यांमध्ये 'पब्लिक अफेअर्स' विभाग असतो. त्याचं काम सरकारदरबारी कंपनीची बाजू मांडणं. लष्करातही या नावाचे अधिकारी असतात, ते पत्रकारांशी बोलतात. विद्यापीठात मात्र या शब्दाचा जनसंपर्काशी काही संबंध नाही. तिथे ती एक मोठी छत्री आहे. लोकप्रशासन, सार्वजनिक धोरण, सरकारी अर्थकारण आणि स्वयंसेवी संस्थांचं व्यवस्थापन हे तिच्याखाली बहुधा सापडतात. कुठे पर्यावरण, कुठे आरोग्यसेवा, कुठे फौजदारी न्यायही सापडतो. एकाच नावाच्या दोन पदव्यांमध्ये एकात अर्थशास्त्राची गणितं आणि दुसऱ्यात संघटनांचा सिद्धांत, असं सर्रास होतं. म्हणून पदवीच्या नावावर जाऊ नका. तिथले प्राध्यापक गेल्या पाच वर्षांत काय छापतायत ते पाहा. तो विभाग खरा कशाचा आहे ते तिथे कळतं.

या विषयाचं मूळ शोधायला गेलं की लोक वुड्रो विल्सनपाशी थांबतात. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला, पहिलं महायुद्धवाला, तोच. १८८६ मध्ये त्याने जॉन्स हॉपकिन्समधून पीएच.डी. घेतली. ही पदवी मिळवलेला अमेरिकेचा तो एकमेव अध्यक्ष. १८८७ मध्ये त्याने प्रशासनाच्या अभ्यासावर एक निबंध लिहिला. राज्यघटना लिहिण्यापेक्षा ती चालवणं आता जास्त अवघड होत चाललंय, असं त्यात म्हटलंय. पुढे सिराक्यूज विद्यापीठात १९२४ साली मॅक्सवेल स्कूल निघालं, प्रिन्स्टनमध्ये १९३० साली असंच एक निघालं, हार्वर्डमध्ये १९३६ साली. आज ही पदवी जगभर कमीअधिक वेगळ्या नावांनी मिळते, पण तिचा साचा बऱ्याच अंशी तिथला आहे, म्हणून उदाहरणंही तिथलीच येतायत.

गंमत म्हणजे या क्षेत्रातली सर्वांत मोठी नावं दुसऱ्याच दारातून आत आली. हर्बर्ट सायमन यांची पीएच.डी. राज्यशास्त्रातली, शिकागोची. सरकारी कचेऱ्यांत निर्णय कसे होतात, यावरच्या त्या प्रबंधातून पुढे पुस्तक झालं आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची गोष्ट त्याहून बोलकी आहे. शाळेत पुढचं गणित घेऊ दिलं नाही, त्यामुळे अर्थशास्त्राच्या पीएच.डी.चं दार बंद झालं. त्यांनी राज्यशास्त्र घेतलं. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पूर्ण झालेला त्यांचा प्रबंध भूजलावर आहे. शहराच्या दक्षिणेकडे सगळे जण जमिनीतून भरमसाट पाणी उपसत होते आणि समुद्राचं खारं पाणी आत शिरत होतं. ज्याने उपसा थांबवला त्याचा तोटा, ज्याने चालू ठेवला त्याचा फायदा. पुस्तकी उत्तर असं, की इथे वरून सरकारने दंडुका उगारायला हवा किंवा पाण्याची मालकी वाटून टाकायला हवी. ऑस्ट्रॉम यांनी पाणी उपसणाऱ्यांच्या संघटनेचा माग काढला. वाद कोर्टात कसा गेला, तडजोड कशी झाली, खारं पाणी अडवायला किनाऱ्यालगत गोडं पाणी जमिनीत सोडायची योजना कशी उभी राहिली, याचा पट मांडला. एक भूजलक्षेत्र, शेकडो पक्ष. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. जो धागा त्यांनी आयुष्यभर ओढला, त्याचं टोक त्या खाऱ्या पाण्यात होतं.

प्रश्न बारीक करणं

या पदवीतलं सगळ्यांत अवघड काम कोणतं, असं विचाराल तर मी आकडेवारी म्हणणार नाही. ती शिकता येते. अवघड आहे ते प्रश्न बारीक करणं. येणारा प्रत्येक जण मोठा प्रश्न घेऊन येतो. समजा तुम्ही आलात ते, 'गरजू लोकांना सरकारी मदत का मिळत नाही?' हा घेऊन. गाइड मान डोलावेल आणि विचारेल, कुठली मदत? तुम्ही म्हणाल, आरोग्य विमा. मिळत नाही म्हणजे काय, अर्जच करत नाहीत, अर्ज फेटाळला जातो, की मिळालेला विमा मध्येच सुटतो? तुम्ही थोडं वाचता आणि लक्षात येतं, की बरेच जण पात्र असूनही नूतनीकरणाच्या वेळी गळतात. बरं, मग का गळतात? इथे पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहन यांची मांडणी कामाला येते. सरकारी कामात माणसाला तीन प्रकारची किंमत मोजावी लागते, असं ते म्हणतात. योजना आहे, आपण तिच्यात बसतो, हे कळण्याची किंमत. कागद जमवण्याची, खेपा घालण्याची किंमत. आणि खिडकीसमोर उभं राहताना जो कमीपणा वाटतो, त्याची किंमत. तिसरी कुठल्याही खर्चाच्या रकान्यात बसत नाही, पण ती भरलेल्या माणसाला विचारा.

आता प्रश्न असा होतो: नूतनीकरण सहा महिन्यांऐवजी बारा महिन्यांनी करायचा नियम आला, तेव्हा पात्र कुटुंबांची गळती कमी झाली का? आणि ज्यांचं शिक्षण कमी आहे त्यांच्यात ती जास्त कमी झाली का? मूळ प्रश्नाच्या मानाने हा अगदीच किरकोळ वाटतो. जवळजवळ लाज वाटावी इतका. पण याला उत्तर आहे, आणि ते चुकीचं निघण्याची सोय आहे. पहिल्याला नव्हती.

पुढची पायरी तुलनेची. गळती कमी झाली, पण ती नियमामुळेच, कशावरून? त्याच वर्षी रोजगार वाढला असेल. इथे न्यू जर्सीतलं एक उदाहरण जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येतं. १ एप्रिल १९९२ रोजी तिथलं किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ झालं. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात ते होतं तिथेच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या ४१० फास्ट फूडच्या दुकानांना वाढीआधी फोन केले आणि वाढीनंतर पुन्हा केले. न्यू जर्सीत दर दुकानामागे, अर्धवेळवाल्यांना पूर्णवेळच्या हिशेबात धरून, सरासरी २०.४ कामगार होते, ते २१.० झाले. पेन्सिल्व्हेनियात २३.३ होते, ते २१.२ झाले. नुसती न्यू जर्सी पाहिली तर वाढ ०.६ ची. पण शेजारी २.१ ने घट झाली, म्हणजे वेतनवाढ नसती तर इथेही तशीच घट झाली असती असं धरलं, तर खरा फरक २.७ चा. वेतन वाढवलं की नोकऱ्या जातात, या ठाम समजुतीला धक्का बसला.

'धरलं तर' हे दोन शब्द मात्र विसरू नका. सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. पेन्सिल्व्हेनिया खरंच न्यू जर्सीसारखी होती का, फोनवर मॅनेजरने सांगितलेले आकडे किती खरे, यावर रणकंदन झालं. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगारपत्रकं मिळवून उलट निष्कर्ष काढला. मूळ लेखकांनी सरकारी नोंदींवरून परत मोजलं आणि नोकऱ्यांवर फारसा परिणाम दिसत नाही, असं सांगितलं. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, वाद अजून मिटलेला नाही. तुमच्या प्रबंधाचं परीक्षण करणारी समितीही तुमच्याशी हेच करणार आहे, फक्त खोली लहान असेल.

सगळं आकड्यांत मावतं असं मात्र नाही. मायकेल लिप्स्की यांनी १९८० साली दाखवून दिलं, की धोरण मंत्रालयात ठरत असलं तरी ते प्रत्यक्षात बनतं शिक्षक, हवालदार, खिडकीवरचा कारकून यांच्या हातून. समोर रांग मोठी, हातात वेळ थोडा, नियम जाडजूड. मग तो माणूस स्वतःचे आडाखे बांधतो: याला आत घ्यायचं, त्याला उद्या बोलवायचं. हे पाहायला महिनोन्महिने त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसावं लागतं. अशा अभ्यासाला आकडेवाल्यांइतकाच कस लागतो. फक्त तो नोंदवह्यांमध्ये दडलेला असल्याने बाहेरच्याला सोपा वाटतो.

वर्षांचा हिशेब

पूर्णवेळ केलं तर चार ते सहा वर्षं धरा. पहिली दोन बहुतेक कोर्सवर्कमध्ये जातात. संख्याशास्त्र, संशोधन पद्धती, संघटनांचे सिद्धांत, धोरणप्रक्रिया आणि आपल्या आवडीचं एक उपक्षेत्र. सेमिनारला आठवड्याला काहीशे पानं वाचायची असतात. ती सगळी वाचायची नसतात, हे कोणी सांगत नाही. काय सोडायचं ते शिकणं हाच त्या दोन वर्षांतला निम्मा अभ्यास. मग एक मोठी पात्रता परीक्षा, मग संशोधनाचा आराखडा समितीसमोर मांडायचा. तो मंजूर झाला की तिकडच्या भाषेत तुम्ही 'ऑल बट डिझर्टेशन' होता, म्हणजे प्रबंध सोडून सगळं झालं.

आणि इथेच माणसं बुडतात. आतापर्यंत वर्ग होते, तारखा होत्या, बरोबरीचे मित्र होते. आता कोणी विचारत नाही. त्यात माहिती मिळण्याची वाट पाहायची. अमेरिकेत १९६६ च्या माहिती स्वातंत्र्य कायद्यानुसार केंद्रीय खात्याने २० कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं, पण तेवढ्यात कागद हातात पडतील या भरवशावर प्रबंधाचं वेळापत्रक आखू नये. माणसांशी बोलायचं असेल तर एकही मुलाखत घेण्याआधी विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी लागते. त्यामागे १९७९ चा बेल्मोंट अहवाल आहे. संशोधनात सहभागी होणाऱ्यांचा मान राखा, त्यांचं भलं पाहा आणि भार व लाभ न्याय्य वाटा, अशी तीन तत्त्वं त्यात आहेत. विद्यार्थी या समितीला कागदी कटकट समजतात. पण आपल्या साहेबाविरुद्ध बोललेल्या कारकुनाचं नाव तुमच्या लॅपटॉपमध्ये असतं. तो लॅपटॉप हरवला तर काय, याचा विचार ही समिती तुमच्याकडून आधी करून घेते.

म्हणून पहिल्या वर्षापासूनच हाताशी एक पर्यायी प्रश्न ठेवा, ज्याची माहिती आधीच जाहीर उपलब्ध आहे.

करावी का, आणि कोणी

सरळ सांगायचं तर सरकारी नोकरीत बढती हवी असेल तर या पीएच.डी.ची गरज नाही. लोकप्रशासनाची किंवा धोरणाची पदव्युत्तर पदवी पुरते, वेळही वाचतो. नोकरी चालू ठेवून पुढे शिकायचं असेल, स्वतःच्याच खात्यातला एखादा प्रश्न सोडवायचा असेल, तर डी.पी.ए. (डॉक्टर ऑफ पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन) ही व्यावसायिक डॉक्टरेट बघा. तिच्यात नवा सिद्धांत मांडण्यापेक्षा आहे ते ज्ञान कामात आणण्यावर भर असतो. पीएच.डी. संशोधक घडवते. विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं असेल, किंवा रँडसारख्या संशोधन संस्थेत, अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयासारख्या ठिकाणी विश्लेषक म्हणून काम करायचं असेल, तर ती हवी. अनुभवी अधिकारी या वर्गांत बरेच भेटतात. त्यांचा फायदा असा की कागद कुठे अडतो हे त्यांना आधीच ठाऊक असतं. तोटाही तोच. आपल्याला उत्तर माहीत आहे, असं समजून ते येतात.

पैशाबद्दल माझं मत पक्कं आहे: स्वतःच्या खिशातून पूर्णवेळ पीएच.डी. करू नये. चांगल्या कार्यक्रमात फी माफ असते आणि स्टायपेंड मिळतो. बदल्यात आठवड्याला साधारण २० तास शिकवण्याचं किंवा प्राध्यापकाच्या संशोधनात मदतीचं काम करायचं. अमेरिकेत एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर एवढेच तास काम करता येतं, म्हणजे वर आणखी कमवायला वाव नाही. तेव्हा प्रवेशाचं पत्र आलं की दोन ओळी शोधा: पैशाची हमी किती वर्षांची आहे, आणि उन्हाळ्याचे महिने त्यात धरलेत का. दुसरी ओळ बरेचदा नसते. अजून एक गोष्ट. नॅस्पा ही या क्षेत्रातली मान्यता देणारी संस्था पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देते, डॉक्टरेटला नाही. पीएच.डी.चा दर्जा तुम्हालाच तपासावा लागतो.

अर्जातल्या निवेदनात 'मला लहानपणापासून समाजासाठी काहीतरी करायचं होतं' हे वाक्य नको. निवड समिती ते वर्षानुवर्षं वाचत आलीय. त्यापेक्षा तुमचा प्रश्न लिहा, अर्धाकच्चा असला तरी चालेल. तो का पडला, त्यावर आजवर काय झालंय आणि तिथल्या कोणत्या दोन-तीन प्राध्यापकांच्या कामाशी त्याचं सूत जुळतं, ते लिहा. दोन-तीन यासाठी, की एकट्याच्या भरवशावर गेलात आणि ते दुसऱ्या विद्यापीठात निघून गेले, तर तुम्ही मागे राहता. प्राध्यापक नोकऱ्या बदलतात, विद्यार्थ्याला तसं उठून जाता येत नाही. गाइड निवडताना नावापेक्षा एक गोष्ट विचारा: त्यांचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडतात? हे प्राध्यापकांना विचारून कळणार नाही. त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारा, आणि लेखी नको, बोलण्यात विचारा.

अर्ज करण्याआधी एक काम करा, ज्याला पैसे पडत नाहीत. ज्या विभागात जायचंय तिथले गेल्या काही वर्षांतले चार-पाच प्रबंध मिळवा. विद्यापीठांच्या भांडारांत बरेच खुले असतात. मजकूर नंतर वाचा, आधी ऋणनिर्देशाचं पान उघडा. समितीत कोण होतं, माहिती कोणत्या खात्याने दिली, पैसा कुठून आला, हे सगळं तिथे असतं. गाइडचे आभार दोन ओळींत उरकलेत की परिच्छेदभर मनापासून मानलेत, तेही दिसतं. मुखपृष्ठावरचं साल बघा आणि लेखकाचा बायोडेटा सापडला तर त्याने पीएच.डी. सुरू केव्हा केली ते बघा. मग वजाबाकी करा.